सात महिन्यांची लेक पुस्तक नुसतं चावते. वाचून दाखवायचं तरी कसं?

रानजाई | रात्री ११.१०

लेक सात महिन्यांची झाली. ती पोटात असतानाच मी ठरवलं होतं की घरात बाकी काही असो-नसो, तिच्या हाताशी पुस्तकं असतील. जाड पुठ्ठ्याची चार आहेत, एक कापडी आहे. रोज रात्री दिवा मंद करून तिला मांडीवर घेते, पुस्तक उघडते, "हे बघ मांजर" एवढं म्हणेपर्यंत पुस्तकाचा कोपरा तिच्या तोंडात. मी सोडवते, ती ओढते, मी परत सोडवते. मग ती अंगाची कमान करून मागे झोकून देते आणि रडते. परवा नुसतं पुस्तक हातात घेतलेलं पाहून तिने मान फिरवली. ते फार लागलं मला.

सासूबाई म्हणतात, "अगं, तिला अजून धड बसता येत नाही, पुस्तक कसलं काढतेस? खेळू दे." नवरा म्हणतो, दोन वर्षांची झाली की बघू. दोघांचंही म्हणणं मला खोडून काढता येत नाही, आणि पटतही नाही.

या वयात वाचून दाखवण्याला अर्थ आहे का? असेल तर नेमकं करायचं काय? आम्ही आजवर पहिल्या पानाच्या पुढे गेलेलो नाही.

कुहू | रात्री ११.३४

रानजाई, सगळ्यात आधी पुस्तक काढून घेणं थांबव. बाकीचं नंतर.

माझा थोरला सहा वर्षांचा आहे, धाकटी दीड वर्षाची. थोरल्याच्या वेळी आमच्याकडे हेच चालायचं. तोंडात गेलं की काढून घ्या, ओलं झालं की पुसा, वर "असं नाही करायचं हं" हे पालुपद. त्याच्या लेखी पुस्तक म्हणजे आई जिच्यावरून रागावते ती वस्तू. जवळजवळ वर्षभर तो पुस्तकाकडे फिरकला नाही.

धाकटीच्या वेळी दोन पुस्तकं घेऊन बसायला लागले. एक तिच्या हातात. ते चावू दे, आपट, फेक, काहीही कर. दुसरं माझ्या हातात, तिच्यापासून वीतभर लांब, आणि मी आपली त्यातल्या चित्रांशी बोलतेय. चावता चावता ती मधेच थांबायची, डोळे वर करून माझ्या पानाकडे बघायची, परत चावायला लागायची. त्या दिवशीचं वाचन तेवढंच.

जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकाचे कोपरे गोल असतात, पानांवर गुळगुळीत थर असतो, ते उगाच नाही. ते तोंडात जाणार हे धरूनच केलेलं असतं. ओल्या फडक्याने पुसायचं, वाळवायचं, परत द्यायचं. पुठ्ठ्याचे थर सुटून तुकडे निघायला लागले की मात्र लगेच बाजूला ठेव. तुकडा घशात अडकू शकतो.

मृद्गंध | दुसऱ्या दिवशी, सकाळी ६.५०

कुहूला पूर्ण अनुमोदन. लहान मुलांच्या बोलण्याच्या अडचणींवर उपचार करणं हेच माझं काम आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रानजाई, आणखी दोनेक महिन्यांनी लेकीला पुस्तकाशी एकटीला सोड आणि तिचा हात बघत राहा. चेंडूचं चित्र असलेलं पान उघडून समोर ठेव. ती चित्रावर पंजा ठेवेल, बोटं मिटेल. हाताला काही लागणार नाही. परत मिटेल. मग नखांनी कागद खरवडेल, चेंडू सुटा करायचा प्रयत्न केल्यासारखा. १९९८ साली ज्युडी डिलोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच टिपलं होतं. नऊ महिन्यांची बाळं चित्रातल्या वस्तू उचलायला बघतात. अमेरिकेतली बाळंही, आणि ज्यांच्या घरी चित्रांची पुस्तकं जवळपास नव्हतीच अशी आयव्हरी कोस्टमधल्या खेड्यातली बाळंही. एकोणीस महिन्यांच्या सुमाराला हे उचलणं जवळपास थांबतं आणि मूल त्याच चित्राकडे बोट दाखवायला लागतं.

या मधल्या दहा महिन्यांत मुलाला एक प्रचंड मोठी गोष्ट उमगलेली असते. चेंडू इथे नाहीये, पण हे चेंडूचंच काहीतरी आहे. एक वस्तू दुसऱ्या वस्तूच्या जागी उभी राहू शकते. पुढे अक्षरं येतात तेव्हाही हीच समजूत कामाला येते. म्हणून बाळ पान खरवडतं तेव्हा मला त्याला थांबवावंसं वाटत नाही, मला श्वास रोखून बघत राहावंसं वाटतं. इतक्या वर्षांनंतरही.

आता करायचं काय ते सांगते.

पानावर छापलेलं वाचू नकोस, तिची नजर जिथे आहे ते बोल. तुझ्या मनात मांजर आहे आणि ती कोपऱ्यातल्या बुटाकडे बघतेय, तर त्या घटकेला गोष्ट बुटाची. "बूट! बाबाचा बूट!" एवढं म्हण आणि थांब. मनात पाचापर्यंत मोज. हा थांबा सगळ्यांना जड जातो, पण तिला तिची बाजू मांडायला तेवढा वेळ लागतो. ती हुंकार देईल, पाय झाडेल, तुझ्या तोंडाकडे बघेल. ते तिचं उत्तर. त्याला तू उत्तर दे.

पुस्तकाची दिशाही बघ. मांडीवर पाठमोरी घेतलीस तर तिला तुझा चेहरा दिसत नाही. या वयात अर्धं वाचन तुझ्या चेहऱ्यावर चालू असतं. कधी तिला उशीला टेकवून समोर बसव आणि पुस्तक तुझ्या हनुवटीजवळ धर, म्हणजे चित्र आणि तोंड दोन्ही एका नजरेत येतील.

आणि तिने मान फिरवली की पुस्तक मिटायचं. मान फिरवणं म्हणजे "आत्ता पुरे". पुस्तक नावडल्याची ती खूण नव्हे, त्यामुळे मनाला लावून घेऊ नकोस. तिचं "पुरे" आपण ऐकलं की तिला "आणखी" म्हणायलाही सुचतं.

पानगळ | सकाळी ९.१५

माझं मत थोडं वेगळं आहे, राग नसावा.

मला दोन मुलं. आमच्याकडे पहिल्या दिवसापासून नियम होता की पुस्तक फाडायचं नाही, फेकायचं नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला नियम कळत नाही हे मान्य, पण घरातल्यांची वागण्याची तऱ्हा कळते. मोठी माणसं पुस्तक कसं उचलतात, कसं ठेवतात, हे ते बघत असतं. "फाडू दे, चावू दे" असं मोकळं सोडलं की तीन वर्षांचं झाल्यावर अचानक "फाडायचं नाही" हे कुठून शिकवणार? माझी दोन्ही मुलं उत्तम वाचणारी निघाली.

शब्दवेडी | सकाळी ११.०२

पानगळ, तुमच्या म्हणण्यातला एक भाग मला मनापासून पटतो. मोठ्यांचे हात बघूनच मूल शिकतं. पण एवढ्याशा हाताने पान फाटतं तेव्हा त्यात बेपर्वाई नसते. पाच-सहा महिन्यांचं बाळ अख्ख्या पंजाने पकडतं. अंगठा आणि तर्जनीची चिमूट जमायला साधारण नऊ-दहा महिने होतात. पंजात कागद धरला आणि हात मागे घेतला की पान फाटणारच. उलगडायचं होतं, फाटलं.

मी एका ग्रंथालयाचा बालविभाग बरीच वर्षं सांभाळते आहे. फाटलेली पुस्तकं माझ्याकडे रोज येतात. बरोबर ओशाळलेले आईवडीलही येतात. काही जण तर त्या भीतीने बाळासाठी पुस्तक घरी न्यायचंच बंद करतात. त्याचं मला खरं दुःख होतं. फाटलेलं पान जोडता येतं, पण न नेलेलं पुस्तक त्या बाळाला परत कसं भेटणार?

मधला रस्ता असा आहे. पुस्तकांच्या दोन जागा करायच्या. पुठ्ठ्याची आणि कापडी खाली, तिच्या हाताला येतील अशी, चोवीस तास तिच्या मालकीची. पातळ कागदाची वर, ती फक्त मोठ्यांच्या मांडीवर बसूनच उघडायची. फाटलंच तर ओरडायचं नाही, हळहळही फार दाखवायची नाही. "अरे, याला लागलं. चल, बरं करू" म्हणून तिच्यासमोर जोडायचं. पुस्तक जपायचं कसं, ते तिला तिथे दिसेल.

खालच्या जागेबद्दल आणखी एक. पुस्तकं कणा बाहेर करून रांगेत लावली तर रांगणाऱ्या बाळाला नुसत्या रंगीत पट्ट्या दिसतात. मुखपृष्ठ समोर येईल अशी, भिंतीला टेकवून किंवा उथळ टोपलीत ठेव. एका वेळी पाच-सहाच. बाकीची कपाटात, दर दोनेक आठवड्यांनी अदलाबदल. कपाटातून परतलेलं पुस्तक तिला नव्यासारखं वाटतं आणि जुन्यासारखं ओळखीचंही.

"इतक्या लवकर कशाला" हा प्रश्न सगळीकडेच विचारला गेलेला आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये १९९२ साली ३०० बाळांच्या घरी पुस्तकं देऊन 'बुकस्टार्ट' सुरू झालं, तेव्हाही बाळांना पुस्तकं देणं लोकांना नवलाचं वाटलं होतं. पुढे तो उपक्रम देशभर पसरला. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली आपल्या डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं की मोठ्याने वाचून दाखवणं तान्हेपणापासूनच सुरू करा, असं पालकांना आवर्जून सुचवा. सासूबाईंना हे ऐकवायला जाऊ नकोस मात्र. त्यांच्या मांडीवर बाळ आणि हातात पुस्तक दे, तेवढं पुरे.

कुहू | सकाळी ११.२०

>> "याला लागलं. चल, बरं करू"

हे फार आवडलं. आजपासून आमच्याकडेही असंच.

पानगळ | दुपारी १.४०

शब्दवेडी, दोन जागांची कल्पना पटली. आमच्याकडे नकळत तेच होतं बहुतेक, पुठ्ठ्याच्या पुस्तकांना मी कधी "पुस्तक" धरलंच नव्हतं. फाडण्याबद्दलचं माझं मत मात्र थोडं शिल्लक आहे.

निळासावळा | रात्री १०.०५

पहिल्यांदाच लिहितोय. मुलगा पाच महिन्यांचा आहे. मी घरी येतो तेव्हा तो झोपलेला असतो. रात्री झोपताना वाचा, असं सगळे सांगतात, ती वेळ माझ्या हातात नाही. बायकोच वाचते. तो तिच्या आवाजाला ओळखतो, माझ्या आवाजाला तितकं नाही असं वाटतं आणि आत काहीतरी तुटतं. शिवाय मला मोठ्याने वाचायची सवय नाही. शाळेत वाचायला उभं केलं की घाम फुटायचा. तो संकोच अजून गेलेला नाही.

मृद्गंध | रात्री १०.४८

निळासावळा, लिहिलंत ते बरं केलंत.

रात्रीची वेळ पवित्र वगैरे काही नाही. ती सोयीची असते इतकंच. सकाळी लंगोट बदलताना बाळ उताणं असतं, तुमचा चेहरा त्याच्यावर असतो, दोघांनाही दुसरीकडे जायचं नसतं. तिथे एक पुस्तक कायमचं ठेवून द्या. रोज तीन मिनिटं, तेच पुस्तक, तोच आवाज.

आवाजाबद्दल सांगते. १९८६ साली डीकॅस्पर आणि स्पेन्स या संशोधकांनी गर्भवती बायकांना शेवटच्या साधारण सहा आठवड्यांत एकच उतारा रोज मोठ्याने वाचायला सांगितला. बाळं जन्मल्यावर, अवघी दोन-तीन दिवसांची असताना, त्यांना एक चोखणी दिली. चोखण्याच्या लयीवर कानात कोणता उतारा वाजेल हे ठरत होतं. बाळांनी लय बदलून ओळखीचा उतारा ऐकणं पसंत केलं, आणि तो दुसऱ्या बाईच्या आवाजात असला तरीही. म्हणजे त्यांनी आईच्या आवाजाबरोबर त्या मजकुराची चाल, त्याचे चढउतारही लक्षात ठेवले होते. पाच महिन्यांच्या तुमच्या मुलाला तुमच्या आवाजातली एक चाल ओळखीची करून द्यायला काहीच उशीर झालेला नाही.

संकोचाचं म्हणाल, तर तुमच्या समोरच्या श्रोत्याला तुम्ही अडखळलात हे कळत नाही. अडखळलेलं वाक्य परत म्हटलंत तर त्याला ते दोनदा ऐकायला मिळतं. ताल असलेलं, यमक असलेलं काही घ्या. बडबडगीताची लय जीभ आपोआप पुढे नेते.

दीपस्तंभ | रात्री ११.३०

आजोबा आहे मी. माझंही थोडं सांगू द्या.

माझी मधली नजर गेली आहे. कडेने दिसतं, समोरचं अक्षर दिसत नाही. सूनबाईंना वाटत होतं की नातवाला मी नुसतं खेळवावं, वाचन त्या करतील. मला ते सहन होईना. त्यांना म्हटलं, ते बाराच पानांचं पुस्तक मला चार वेळा वाचून दाखवा. त्यांनी दाखवलं. मी पाठ केलं. कुठल्या पानावर काय, हे पानं अंगठ्याने मोजून लक्षात ठेवलं.

नातू आठ महिन्यांचा होता तेव्हापासून रोज दुपारी आम्ही दोघं ते पुस्तक वाचतो. आता तो दोन वर्षांचा आहे. मध्यंतरी माझ्या अंगठ्याखाली दोन पानं एकदम उलटली. मी पुढचं म्हणायला लागलो. त्याने माझा हात धरला, पान मागे नेलं आणि म्हणाला, "आबा, बेडूक राहिला."

निळासावळा, तुम्हाला अक्षरं दिसतात. वाचा.

निळासावळा | दुसऱ्या दिवशी, सकाळी ७.२०

आबा, वाचलं आज. तीन मिनिटं नाही, एकच मिनिट. तो माझ्या ओठांकडे बघत होता.

ओंजळभर | दुपारी ३.१५

खूप छान धागा. माझा प्रश्न पुढच्या टप्प्याचा आहे. मुलगा तेवीस महिन्यांचा. गेले पाच आठवडे फक्त एकच पुस्तक. रोज सहा-सात वेळा. दुसरं काढलं की ढकलून देतो. मला स्वप्नातही ते पुस्तक ऐकू येतं. नवीन शब्द, नवीन गोष्टी राहून जाताहेत का?

मृद्गंध | दुपारी ४.३०

नाही राहून जात. २०११ साली ब्रिटनमध्ये जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलांवर एक छोटा प्रयोग केला. काही मुलांना आठवडाभरात तीच तीच गोष्ट ऐकवली, काहींना वेगवेगळ्या गोष्टी. नवे शब्द दोन्हीकडे सारखे आणि तेवढ्याच वेळा आलेले. तीच गोष्ट परत परत ऐकणाऱ्या मुलांनी ते शब्द चांगले उचलले. कारण तर्काला धरून आहे. पहिल्या खेपेला मूल "काय झालं" यात गुंतलेलं असतं. गोष्ट पाठ झाली की लक्ष मोकळं होतं आणि बारीकसारीक शब्दांकडे जातं. तुमचा मुलगा तेवीस महिन्यांचा म्हणजे त्या मुलांपेक्षा लहान आहे, पण लहान मुलांत हेच मला रोज दिसतं.

कंटाळा तुम्हाला येतो, तेव्हा बदल तुम्ही करा. पुस्तक तेच राहू दे. एखाद्या ओळीचा शेवटचा शब्द गिळून टाका आणि त्याच्याकडे बघा. तो भरेल. दुसऱ्या दिवशी दोन शब्द सोडा. "कुत्रा" म्हणाला तर "हो, भिजलेला कुत्रा" एवढंच वाढवून परत द्या. "हे काय?" या प्रश्नाने परीक्षा घेतल्यासारखं होतं. "आता हा काय करणार?" विचारलं की गप्पा होतात. अशा पद्धतीने वाचायला आईवडिलांना शिकवून व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली पाहिलं होतं. एका महिन्यात त्या मुलांच्या बोलण्यात फरक पडला. दीड-दोन वर्षांच्या पुढे हे उत्तम चालतं. रानजाई, तुझ्या लेकीसाठी अजून अवकाश आहे.

ओंजळभर | रात्री ९.५०

शब्द गिळून बघितला. त्याने भरला, आणि मग माझ्याकडे असं बघितलं की आईला एवढंही येत नाही? सहाव्यांदा वाचताना पहिल्यांदाच कंटाळा आला नाही.

कवडसा | रात्री १०.२०

एक सावधगिरीची गोष्ट सांगायची आहे. कृपया सगळ्यांनी वाचा.

आमच्याकडे भेट म्हणून आवाज करणारं पुस्तक आलं होतं. बटण दाबलं की प्राण्याचा आवाज. मुलगी अकरा महिन्यांची. एक दिवस तिच्या हाताजवळ पुस्तकामागचं छोटं झाकण पडलेलं दिसलं. आतल्या तीन बटणाएवढ्या बॅटऱ्यांपैकी दोनच जागेवर. तिसरी शोधेपर्यंतची ती दहा मिनिटं मी विसरणार नाही. चटईखाली सापडली. सापडली नसती तर आम्ही तसेच दवाखान्यात निघालो असतो, आणि तेच बरोबर ठरलं असतं.

अशी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर तिथल्या ओलाव्यातून वीज वाहते, तीव्र क्षार तयार होतो आणि आतली त्वचा भाजते. दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी वाट बघायची नाही, सरळ तातडीच्या विभागात. झाकणाला स्क्रू नसेल, किंवा स्क्रू ढिला असेल, तर ते पुस्तक बाळाच्या हातात देऊच नका. आम्ही तर बॅटऱ्या काढूनच टाकल्या. आता गायीचा आवाज मी काढते, आणि ती माझ्याकडे बघून हसते. पुस्तकाने आवाज काढला तेव्हा ती पुस्तकाकडे बघायची.

कुहू | रात्री १०.३१

बापरे. अंगावर काटा आला. आत्ताच उठून घरातलं एक तपासलं. स्क्रू घट्ट आहे, तरी उद्या बॅटऱ्या काढते.

सरीवरसर | रात्री १०.५५

यावरून आठवलं. फोनवरची चित्रपुस्तकं चालतील का? प्रवासात बरी पडतात, पानं आपोआप उलटतात, आवाजही त्यातलाच.

मृद्गंध | रात्री ११.२०

वर्षाच्या आत नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात एक वर्षाखालच्या बाळासाठी पडद्यासमोरचा वेळ अजिबात नको असं म्हटलंय, आणि बाळ बसलेलं असताना सांभाळणाऱ्याने त्याला वाचून दाखवावं, गोष्टी सांगाव्यात, असं सुचवलंय. त्याच वर्षी अमेरिकेत ३७ पालक आणि त्यांच्या लहान मुलांच्या जोड्या कागदी आणि टॅब्लेटवरची पुस्तकं वाचताना पाहिल्या गेल्या. टॅब्लेटवर दोघांचं आपसातलं बोलणं कमी झालं, आणि जे झालं त्यात गोष्टीपेक्षा "हे दाबू नको, असं धर" हेच जास्त. आवाज आणि पान उलटणं दोन्ही यंत्राने केलं की मोठ्या माणसाला काम उरत नाही. बाळाला हवं असतं ते नेमकं त्या माणसाचं काम.

प्रवासात कापडी पुस्तक घ्या. पिशवीत चुरगळलं तरी चालतं.

दोनतीरी | दुसऱ्या दिवशी, सकाळी ८.४०

आमच्या घरात दोन भाषा आहेत, आणि हाताशी असलेली पुस्तकं बहुतेक तिसऱ्याच भाषेत. मी काय करते ते सांगते, कुणाला उपयोग झाला तर बघा.

मी छापलेलं वाचतच नाही. पुस्तक आलं की आधी एकटी बसते, मराठीत ते कसं म्हणता येईल ते जुळवते आणि पेन्सिलीने पानाच्या खाली लिहून ठेवते. शब्दाला शब्द लावायला गेलं की ते मरतं. त्यापेक्षा चित्रात जे चाललंय त्याला आपण जे म्हणू ते लिहायचं. बदकं पाण्यात उतरली की "डुबुक". पाऊस आला की "रिपरिप". मराठीत असे नादाचे शब्द किती आहेत हे मला मुलीमुळे कळलं. खळखळ, भुरभुर, टपटप, गडगड, लुटुलुटु. बाळाला ते सगळ्यात आधी आवडतात.

लिहून ठेवायचं कारण असं की, रोज तेच शब्द यायला हवेत. मी वेगळं म्हणते आणि तिचे बाबा वेगळं, तर तिला चाल सापडत नाही. बाबा त्याच पानावर त्याच्या भाषेत वाचतो, त्याची ओळ वेगळ्या रंगात.

शब्दवेडी | सकाळी ९.३०

दोनतीरी, अशी पेन्सिलीने लिहिलेली पुस्तकं माझ्याकडे भेट म्हणून आली तर मी ती वेगळ्या फळीवर ठेवीन. फार सुंदर.

चित्रपुस्तकाच्या मोजक्या ओळींना कुणी कमी समजू नये. २०१५ साली शंभर चित्रपुस्तकांचा मजकूर आणि मोठ्यांचं लहानांशी चालणारं रोजचं बोलणं यांची तुलना झाली, तेव्हा पुस्तकांत वेगवेगळे शब्द अधिक सापडले. घरात आपण दिवसभर "ये, बस, घे, नको" एवढ्यावर भागवतो. "गवतातून सरपटत" हे पुस्तकाशिवाय कोण म्हणणार?

रानजाई | नऊ दिवसांनी, रात्री १०.१५

सगळ्यांचे प्रतिसाद चार-चारदा वाचले.

दोन पुस्तकांचं सुरू केलं. पहिले तीन दिवस ती फक्त चावत होती. चौथ्या दिवशी मी बुटाच्या पानावर थांबले, पाच मोजले, आणि चौथ्या आकड्याला तिने तोंडातलं पुस्तक खाली सोडलं. सोडलं म्हणजे पडलं, पण तिने माझ्याकडे बघितलं आणि "अ" म्हणाली. मीही "अ" म्हणाले. मग ती परत म्हणाली. त्या एका पानावर आम्ही किती वेळ होतो मला माहीत नाही.

सासूबाईंना काहीच सांगितलं नाही. नुसतं एकदा बाळ आणि पुस्तक दोन्ही त्यांच्याजवळ ठेवून अंघोळीला गेले. बाहेर आले तर त्या पुस्तकातल्या चिमणीची अशी एक गोष्ट सांगत होत्या जी त्या पुस्तकात नाही.

कुहू | रात्री १०.२२

चौथा आकडा!! डोळ्यांत पाणी आलं गं.

रानजाई | साडेसहा महिन्यांनी, दुपारी २.३०

धागा वर आणतेय. लेक आता साडेचौदा महिन्यांची आहे. मृद्गंध, ते खरवडणं मी पाहिलं, दहाव्या महिन्यात. बरोबर तू लिहिलंस तसंच. बोटं मिटली, उघडली, परत मिटली, मग पुस्तक उलटं करून मागे बघितलं, चेंडू तिकडे गेलाय का म्हणून. आता बोट दाखवते आणि मी नाव सांगेपर्यंत बोट काढत नाही.

अलीकडे एक नवीन चाललंय. टोपलीतून पुस्तक उचलते, बहुतेक वेळा उलटं, आणि जो कोणी खाली बसला असेल त्याच्याकडे पाठ करून मागे मागे येत मांडीत बसते. बघत नाही कोण आहे. मांडी असेल असं धरूनच चालते. काल तशी सासूबाईंच्या मांडीत बसली, आज सकाळी नळदुरुस्तीला आलेल्या काकांच्या. ते हात पुसून बसले आणि त्यांनी चार पानं दाखवली.

आता अडचण अशी की ते बुटाचं पुस्तक, जे सगळ्यात आधी चावलं गेलं, त्याचं मधलं पान कण्यापासून सुटलंय आणि एका कोपऱ्याचे थर उलगडलेत. ती रोज तेच आणते. नवीन आणून हे लपवावं का?

शब्दवेडी | दुपारी ३.१०

लपवू नकोस. दुरुस्त होईल.

कोपऱ्याचा जो भाग लोंबतोय किंवा तुटून निघण्यासारखा आहे तो आधी कात्रीने गोल कापून टाक. उरलेल्या थरांच्या मधे काडीने पांढरा, बिनविषारी गोंद भर, अगदी पातळ, आणि दाब. बाहेर आलेला गोंद लगेच पूस. सुटलेल्या पानासाठी साधी पारदर्शक चिकटपट्टी नको. ती पिवळी पडते, कडक होते, मग तिची टोकं निघतात आणि तोंडात जातात. कापडी चिकटपट्टीची पानाच्या उंचीएवढी एक पट्टी काप, अर्धी पानावर, अर्धी शेजारच्या पानावर, सांध्यात नखाने नीट बसव. दुसऱ्या बाजूनेही तसंच. पुस्तक चार-पाच वेळा उघडमीट करून बघ, ताण येत नाही ना.

मग दोन्हीकडे मेणकागद घालून मिट आणि रात्रभर वर वजन ठेव. शक्य असेल तर हे सगळं तिच्यासमोर कर. गोंदाच्या बाटलीला हात लागणार नाही एवढ्या अंतरावर बसव, पण दिसू दे. आणि पट्टीची कड दर आठवड्याला तपासत जा.

रानजाई | रात्री ९.४०

केलं. ती उंच खुर्चीत बसून बघत होती. मेणकागद घालून पुस्तक मिटलं तेव्हा "बू" म्हणाली आणि हात पुढे केला. उद्या सकाळी देते म्हटलं, तर बोट तिथेच. शेवटी आज रात्रीपुरतं चिमणीचं पुस्तक, आजीच्या मांडीवर.